देवाच्या विषयात नापास

"सर, बाकीचं राहू द्या. देवना विषयमा मना नातू नापास कसा व्हयना, तेवढं सांगा."

दामूआबांनी उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर आपटली. चहा बशीत सांडला. आबांच्या मागे त्यांची माणसं केबिनच्या दारापासून व्हरांड्यापर्यंत उभी होती. आबा एरवी माझ्याशी शाळेतली मराठी बोलायचे. अहिराणीवर आले म्हणजे पारा चढला असं समजायचं.

मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याकडच्या एका गावात सरकारी हायस्कूलचा मुख्याध्यापक होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून त्या रस्त्याने जावं लागतं. दामूआबा आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. शाळा समिती म्हणजे पालकांची कमिटी. शाळेत काय चाललंय यावर तिने लक्ष ठेवायचं असतं. आमची समिती पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला लक्ष ठेवायची. आबांची केळीची बाग होती, गावात शब्दाला वजन होतं आणि दरवर्षीचा सप्ताह त्यांच्याशिवाय उभा राहत नसे.

नापास झालेला नातू म्हणजे नववीतला हर्षल. त्याला नापास करणाऱ्या सोनवणे मॅडम माझ्या बाजूच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मान खाली नव्हती.

"मॅडमची बदली करा," आबा म्हणाले. आता मराठीत. "ग्रंथाच्या ओळींवर यांनी लाल फुली मारली. धर्माच्या ओळी चूक? भावना दुखावल्या आमच्या. उद्यापर्यंत बदलीचं पत्र वर नाही गेलं तर आम्ही पोलीस स्टेशनला जातो."

"आणि पहिली कोण आणली?" मागून एकजण म्हणाला. "पाड्यावरची पावराची पोर!"

पावरा म्हणजे डोंगरातले आदिवासी. खरं दुखणं तिथं होतं. पण ते भावना दुखावण्यात बसत नव्हतं, म्हणून मागच्या माणसाकडून आलं.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की आम्ही मास्तर लोकच खाजवून खरूज काढतो.

नववीला पोरांना एक ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. ऐच्छिक म्हणजे पोराच्या इच्छेचा. प्रत्यक्षात शाळेत जो मास्तर शिल्लक असेल त्याच्या विषयाचा. आमच्याकडे एकच ऐच्छिक होता, इलेक्ट्रिकल. पोरं बोर्ड जोडायची, पंख्याचं वाइंडिंग करायची. आमच्या भागात या विषयाला फार मान. गावातला एक पोरगा हाच विषय घेऊन पुढे दीपनगरच्या वीज केंद्रात अप्रेंटिस लागला होता. तेव्हापासून प्रत्येक बापाला आपला पोरगा दीपनगरच्या कॉलनीत राहताना दिसायचा.

एका जूनमध्ये वरून सर्क्युलर आलं. सर्क्युलर म्हणजे परिपत्रक. ते पाठवलं की काम झालं असं वरच्यांना वाटतं. आता ऐच्छिकमध्ये आणखी एक विषय घेता येईल, 'ग्रंथपरिचय'. धर्मग्रंथातले निवडक उतारे, त्यांचा अर्थ, थोडं पाठांतर आणि इतर विषयांसारखीच परीक्षा. कोणते उतारे, कोणत्या ग्रंथातले, हे मी इथे लिहीत नाही. गावात तीन पंथांची माणसं आहेत, आणि तिन्ही पंथांतली माणसं हे वाचणार आहेत.

मला विषय नको होता. मी भूगोलाचा मास्तर. मला नद्या, पर्वत आणि वारे एवढं पुरेसं आहे. पण सोनवणे मॅडमसाठी मी तो मागून घेतला.

इथे आणखी एक शब्द सांगावा लागेल, वर्कलोड. शिक्षकाला आठवड्याला ठराविक तासिका असाव्या लागतात. तुकडी कमी झाली, पोरं घटली, की तासिका घटतात. मग तो शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त म्हणजे शाळेला नकोसा. मग त्याचं 'समायोजन' होतं, म्हणजे जिथे कोणी जायला तयार नाही तिथे त्याला पाठवतात. मॅडम मराठी शिकवायच्या. त्या वर्षी आठवीची एक तुकडी बंद झाली आणि त्यांचा वर्कलोड कमी पडला. त्यांना शिरपूरच्या पलीकडे, डोंगरात पाठवायचं घाटत होतं. मॅडम चोपड्यात राहायच्या, घरी वडील. वडिलांना डायलिसिससाठी जळगावला न्यावं लागायचं, तेही आठवड्यातून दोनदा. भाऊ नाही, नवरा गुजरातेत नोकरीला. त्या डोंगरात गेल्या तर म्हाताऱ्याला गाडीत बसवणारं कोणी नव्हतं.

"सर, ग्रंथपरिचय मी शिकवते," त्या म्हणाल्या. "पण मी शिकवणार म्हणजे शिकवणार. आरती ओवाळणार नाही."

नियम असा होता की किमान वीस पोरं असतील तरच बॅच. वीस पोरं मिळाली तर मॅडम राहणार. एवढा सरळ हिशोब होता.

विषय जाहीर करायला पालकसभा घेतली. अशी सभा मी नोकरीत पाहिली नाही. माणसं पटांगणात मावली नाहीत. दामूआबा बोलायला उभे राहिले. "पोरं बिघडलीत. मोबाईल बिघडवतो, सिनेमा बिघडवतो. एकच औषध, ग्रंथ!" टाळ्या थांबेनात. एकाने तर उठून सांगितलं की हा विषय पहिलीपासून पाहिजे. दुसरा म्हणाला, अंगणवाडीपासून. कोणाचा विरोध आहे का असं मी विचारलं, तर लोक माझ्याकडेच संशयाने बघायला लागले.

मी मनात म्हटलं, वीस काय, शंभर पोरं येतील. दोन बॅच कराव्या लागतील. मॅडम तर त्या रात्री नीट झोपल्या असतील.

दुसऱ्या आठवड्यात पोरांनी पसंती दिली. सगळा गाव इलेक्ट्रिकलला.

मी एकेका बापाला बोलावलं. अंगणवाडीपासून विषय मागणारा आधी आला. "सर, विषय तर भारीच आहे," तो म्हणाला. "पण आमचा पोरगा पहिल्यापासून संस्कारी आहे. त्याला गरज नाही. ज्याला गरज आहे त्याला द्या."

दुसरा म्हणाला, "घरी रोज हरिपाठ चालू असतो सर. शाळेत पुन्हा कशाला? रिपीट होईल."

तिसऱ्याने तर विचारलं, "यावर कुठं लागतं हो, सर? दीपनगरला?"

अरे, मग टाळ्या कशाला वाजवत होतात! पण मुख्याध्यापकाला असं बोलता येत नाही. पेन्शन अजून लांब होती.

शेवटी वीस पोरं मी कशी जमवली ते ऐका. मुलींचे बाप म्हणाले, मुलीला वायर जोडून काय करायचंय, बसू दे ग्रंथाला. तेवढ्या मुली मिळाल्या. पसंतीच्या यादीत नावं घालायची राहिली म्हणून पाड्यावरची पोरं उरली. ती सकाळी डोंगरातून चालत येतात, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ती आली. तरी एक कमी पडत होता. मी सरळ आबांच्या घरी गेलो आणि अंगणात दहा माणसं बसलेली असताना म्हटलं, "आबा, अध्यक्षांचा नातू ग्रंथाला नसला तर लोक काय म्हणतील?" आबांनी अंगणातल्या माणसांकडे बघितलं आणि आत हाक मारली. हर्षल आतून रडत आला. त्याला वाइंडिंग शिकायचं होतं. असा तो विसावा.

बॅच सुरू झाली आणि गावाने ती आपल्या पद्धतीने चालवायला घेतली. आमच्याकडे ग्रंथ म्हटलं की पारायण. एवढी एकच रीत गावाला माहीत. पारायणाला बसायचं, ऐकायचं, उठायचं, प्रसाद घ्यायचा. अर्थ विचारला नाही तरी चालतं, प्रसाद सगळ्यांना सारखाच. लोकांच्या डोक्यात ग्रंथपरिचयाचा तास म्हणजे रोजचं लहान पारायण होतं.

म्हणून पहिल्याच दिवशी आबांनी चौरंग पाठवला. त्यावर ग्रंथाची मोठी प्रत, लाल कापडात बांधलेली. मॅडमनी ती सोडायला घेतली तर माणूस धावत आला. "मॅडम, ती उघडायची नसते. ती पूजेतली आहे." मग शिकवायचं कशातून? मॅडमनी पाठ्यपुस्तकं काढली. चौरंग कोपऱ्यात राहिला.

चप्पल बाहेर काढायचा नियम झाला. ठीक. वर्गात डबा खायचा नाही. तेही ठीक. ग्रंथापेक्षा उंच बसायचं नाही, म्हणून मॅडमची खुर्ची गेली. पेन्सिलीने ओळीखाली रेघ मारायची नाही. आणि मग आला फळ्याचा प्रश्न. मॅडमनी उतारा फळ्यावर लिहिला. तास संपला. पुढचा तास गणिताचा, पाटील सरांचा. ते डस्टर घेऊन आले तर दारात आबांचा माणूस. "सर, पवित्र अक्षरं डस्टरने पुसू नका. त्याच डस्टरने तुम्ही उद्या समीकरण पुसाल."

"मग मी गणित हवेत शिकवू?" पाटील सर ओरडले.

चार दिवस फळा तसाच. पाटील सरांनी दरवाज्याच्या मागे खडूने गणितं लिहून शिकवली. अखेर तोडगा निघाला. फळा ओल्या फडक्याने पुसायचा आणि ते पाणी शाळेतल्या तुळशीला घालायचं. तुळस खडूच्या पाण्याने पांढरी झाली आणि महिनाभरात वाळली. त्याबद्दल मात्र कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले. विस्तार अधिकारी म्हणजे शाळांवर देखरेख करणारे साहेब. दारात बूट काढावे लागले. साहेबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता आणि समोर मुली बसलेल्या. साहेबांनी दारातूनच तपासणी केली आणि शेरा दिला, 'अध्यापन समाधानकारक'.

एका बाबतीत मात्र मॅडम गावाला बधल्या नाहीत. आबांच्या घरून निरोप आला की ज्या मुलींचे चार दिवस असतील त्यांना वर्गाबाहेर बसवा. मुली घाबरल्या. मॅडम स्वतः आबांच्या घरी गेल्या.

"बसवते बाहेर," त्या म्हणाल्या. "बाहेर बसली की गैरहजेरी लागते. गैरहजेरी वाढली की नाव कमी होतं. नाव कमी झालं की बॅच वीसच्या खाली. मग विषय बंद. गावाला सांगा, विषय आबांनी बंद केला."

आबा म्हणाले, "शाळेत कोण बघतंय, मॅडम. बसू द्या आत." मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी आम्हा दोघांसाठी चहा मागवला.

मॅडम शिकवायच्या फार छान. त्या एक ओळ घ्यायच्या, शब्द सोडवायच्या, म्हणायच्या, "आता हे तुझ्या घरात कुठे दिसतं ते सांग." पाड्यावरची मंगला पावरा पहिले दोन आठवडे काही बोलली नाही. मग एकदा उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, इथं लिहिलंय सगळे सारखे. मग गावात पाणी भरताना आम्हाला मागे का उभं करतात?" मी तेव्हा व्हरांड्यातून चाललो होतो. मी थांबलो. मॅडम म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. उत्तर गावाने द्यायचंय. तू तोपर्यंत प्रश्न वहीत लिहून ठेव." मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. हे गावात पोहोचलं तर? पण गावात पोहोचलं नाही, कारण वर्गात काय शिकवतात हे विचारायला गावातून कोणी आलंच नव्हतं.

मग ऑगस्टमध्ये घटक चाचणी झाली. घटक चाचणी म्हणजे छोटी परीक्षा. मंगला पहिली आली. हर्षल नापास झाला. आणि केबिनमध्ये चहा सांडला.

आबा गेल्यावर मी साहेबांना फोन केला.

"मॅडमना माफी मागायला लावा," साहेब म्हणाले. "आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाका. धर्माचा विषय आहे, त्यात कमी कशाला द्यायचे?"

"साहेब, मग परीक्षा कशाला घ्यायची?"

"चौधरी सर, तुम्ही प्रश्न फार विचारता. कागदावर काही आणू नका. पोलिसात गेलं तर मॅडमची चौकशी लागेल. चौकशी लागली की त्यांना इथून हलवावंच लागेल. मग मला दोष देऊ नका." फोन ठेवला.

मॅडम समोर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सर, मी माफी मागणार नाही," त्या म्हणाल्या. "पोराने चूक लिहिलं, मी चूक म्हटलं. ओळ चूक नाही, पोरगा चुकला. हे सांगायची पण माफी मागायची? मग उद्या दोन अधिक दोन पाच लिहिलं तरी बरोबरच द्यायचं, अंक सरस्वतीचे म्हणून?"

"आणि वडील?" मी विचारलं.

डोळे भरून आले त्यांचे. मला स्वतःचाच राग आला की मी तो प्रश्न विचारला.

मी उत्तरपत्रिका हातात घेतली आणि पहिल्यांदा नीट वाचली. वाचता वाचता मला हसू फुटलं. मॅडम चिडल्या. मी म्हटलं, "मॅडम, आबांनी हे वाचलंय का?"

"मार्क वाचलेत. बाकी कोण वाचतं, सर?"

आता मी तुम्हाला सप्त्यातले आबा सांगतो. आमच्या गावच्या पारायणात एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. आबा खांबाला टेकून, डोळे मिटून बसतात. ग्रंथ त्यांना तोंडपाठ. अर्थाचं मला माहीत नाही, पण पाठांतर पक्कं. वाचणारा एका अक्षराने घसरला की आबा डोळे न उघडता ओरडतात, "चुकनं! परत!" आणि वाचणाऱ्याला अध्याय पहिल्यापासून वाचावा लागतो. तिथे सरपंचालाही माफी नाही. एकदा पाहुणे म्हणून आलेल्या महाराजांनाही आबांनी परत वाचायला लावलं होतं. वर्षानुवर्षांची सवय ती.

मी निरोप पाठवला. शाळेच्या नियमात फेरतपासणी असते. मार्क पटले नाहीत तर पेपर पुन्हा तपासून घ्यायचा पालकाला हक्क आहे. मी भूगोलाचा माणूस, ग्रंथातलं मला काय कळतं? तेव्हा उद्या सकाळी आरतीनंतर देवळात गावाच्या जाणकारांसमोर हर्षलचा पेपर वाचला जाईल. मजकूर बरोबर निघाला तर मॅडम तिथेच माफी मागतील आणि बदलीचं पत्र मी स्वतः घेऊन जळगावला जाईन.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या भयंकर संतापल्या. "माझी नोकरी देवळात ठरणार, सर? तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही!"

"आबांवर विश्वास ठेवा," मी म्हटलं.

"आबांवर?"

"आबांच्या कानावर."

सकाळी मंडप भरला होता. आबा खांबाला टेकून बसले, नेहमीच्या जागी. चेहरा असा की आज धर्म वाचवल्याशिवाय उठणार नाही. मॅडम बायकांमध्ये बसल्या. हर्षल एकदम मागे. त्याच्याकडे बघून मला वाटलं, या पोराला सोडून द्यावं. पण आता मागे फिरता येत नव्हतं.

वाचायला तुळशीरामनाना. सप्त्यातले कायमचे वाचक, वय झालेलं, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. मी त्यांना फक्त एवढं सांगितलं होतं की जसं लिहिलंय तसं वाचा, सुधारू नका. नानांनी पेपर कपाळाला लावला आणि पारायणाच्या चालीत पहिली ओळ म्हटली. ओळ बरोबर होती. दुसरी म्हटली.

"चुकनं! परत!"

आबांनी डोळे उघडलेसुद्धा नव्हते. हात तेवढा मांडीवर आपटला.

नानांनी सवयीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पहिली ओळ. दुसरी ओळ.

"चुकनं! परत! नाना, डोया ग्यात का तुना?"

"आबा, जसं लिखेल शे तसंच वाचस मी," नाना म्हणाले.

"पुढं वाच!"

नाना पुढे वाचायला लागले. दुसऱ्या ओळीपासून हर्षलने दुसऱ्याच अध्यायात उडी घेतली होती. तिसरी ओळ आरतीतली होती. चौथी कुठली ते देवालाच माहीत. आणि पाचवी ओळ लग्नाच्या मंगलाष्टकातली, कारण पोराला आठवेल ते भरून चाल जुळवायची होती. नाना भोळे. त्यांनी चाल न मोडता शेवटपर्यंत म्हटलं, आणि शेवटी खणखणीत आवाजात, "शुभमंगल सावधान!"

बायकांतल्या एका म्हातारीने सवयीने अक्षता टाकल्यासारखा हात पुढे केला. मंडप फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पोरं तर लोळायला लागली.

आबा उठले. त्यांनी पेपर नानांच्या हातातून हिसकावला आणि डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"आणि हे काय?" त्यांनी खालचं वाचलं. प्रत्येक उताऱ्यापुढे विचारलं होतं, या ओळींत काय सांगितले आहे? हर्षलने पाचही ठिकाणी एकच उत्तर लिहिलं होतं: 'या ओळींत देवाने सांगितले आहे की देव फार मोठा आहे व आपण त्याचे ऐकावे.'

"हर्षल!" आबा गरजले.

पोरगा मागून पुढे आला.

"लाज वाटत नही? मना नातू तू! पेन शे का कोनकडे?"

मॅडमनी न बोलता लाल पेन पुढे केला. खरंच सांगतो, मॅडमनी चुकलेल्या चार ओळींवर एकेक बारीक फुली मारली होती. आबांनी पूर्ण पान लाल केलं. आरतीच्या ओळीवर पुन्हा मारली, मंगलाष्टकावर पुन्हा मारली. मॅडमनी पहिली ओळ बरोबर धरून दिलेले दोन मार्क त्यांनी उभे राहून काढून घेतले, कारण कानाला न कळलेली एक वेलांटी पहिल्या ओळीत चुकली होती. नाना हळूच म्हणाले, "आबा, पवित्र अक्षरांवर फुली..."

"चूक ती चूक!" आबा म्हणाले. "ग्रंथात हयगय नाही!"

पोलीस स्टेशनला कोणी गेलं नाही. मॅडमची चौकशी झाली नाही. मॅडम बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. मला म्हणाल्या, "सर, पुन्हा असं केलंत तर मी तुमचीच तक्रार करीन."

मी इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण नोकरीतल्या गोष्टी असं थांबू देत नाहीत.

आबांनी मनावर घेतलं. पोरं ग्रंथात कच्ची आहेत, आता आपण स्वतः लक्ष देऊ. दुसऱ्या दिवसापासून ते तासाला येऊन बसायला लागले. खांब नव्हता म्हणून भिंतीला टेकून. मॅडम अर्थ सांगायला लागल्या की आबा म्हणत, "अर्थ नंतर. आधी पाठ." पोरगी एका अक्षराला अडखळली की, "चुकनं! परत!" मंगलाने पुन्हा एक प्रश्न विचारला, तर आबा म्हणाले, "प्रश्न नाही. परत." तिने त्यानंतर विचारलं नाही. मी आबांना दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सर, धर्माचं काम आहे. यात सुट्टी नसते." मॅडमनी शांतपणे सांगितलं, मग चिडून सांगितलं. आबा दोन्ही वेळा हात जोडायचे आणि भिंतीला टेकायचे. समितीच्या अध्यक्षाला वर्गातून बाहेर काढायचा नियम मला कुठे सापडला नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, पालकांचा सहभाग वाढतोय, चांगलंच आहे.

पुढच्या जूनमध्ये नव्या नववीने पसंती दिली. ग्रंथपरिचयाला एकही नाव नाही. मुलींचे बापसुद्धा म्हणाले, वायरिंगच बरं. मी पाड्यावर गेलो. मंगलाची धाकटी बहीण नववीत आली होती. तिला विचारलं तर ती हसली आणि मान हलवली. म्हणाली, "ताई म्हणते, तिथं एकच ओळ वर्षभर वाचावी लागते."

हर्षलला दहावीला विषय बदलता येत नव्हता, तरी आबांनी मला भेटून विनंती केली. "सर, बघा ना काही होतं का. दीपनगरचं कळतंय मला. जागा निघणार आहेत म्हणे." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आणि सर, हा विषय ऐच्छिक नको. सक्तीचा करायला पाहिजे. सगळ्या पोरांना. पोरं फार बिघडलीत."

मी काय बोललो ते लिहीत नाही.

मॅडम अतिरिक्त ठरल्या. जुलैत आदेश आला, शिरपूरच्या पलीकडचा. मी साहेबांकडे गेलो, जळगावला गेलो, हात जोडले. नियम आडवा होता, नव्या नववीत वीस पोरं नाहीत आणि नुसत्या दहावीच्या बॅचने वर्कलोड भरत नव्हता. मी परत येताना बसमध्ये इतका चरफडत होतो की कंडक्टरने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

निरोप समारंभ झाला. दामूआबांनी स्वतः शाल आणली. गाव जमला. आबा बोलायला उभे राहिले आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. ते नाटक नव्हतं, डोळे खरंच ओले होते. "असे संस्कार देणारी बाई गावाला पुन्हा मिळायची नाही," ते म्हणाले. "ग्रंथ शिकवावा तर यांनीच." टाळ्या पडल्या. सभेला पडल्या होत्या तेवढ्याच.

मॅडमनी शाल घेतली. घडी घातली. मग म्हणाल्या, "आबा, शालीपेक्षा वीस पोरं दिली असती तर मी राहिले असते."

आबा म्हणाले, "हो ना, मॅडम. लोकांना धर्माचं काही पडलेलंच नाही." आणि त्यांनी लोकांकडे बघितलं. लोकांनी माना हलवल्या.

मॅडमच्या वडिलांना नंतर शेजारचा रिक्षावाला जळगावच्या गाडीत बसवून द्यायचा. मॅडम रविवारी यायच्या. म्हातारा त्या हिवाळ्यात गेला. मॅडमना निरोप मिळाला तेव्हा त्या डोंगरातल्या शाळेत होत्या, आणि त्या दिवशी तिकडून बस नव्हती.

आता मी रिटायर आहे. कुठे कार्यक्रमाला गेलो की कोणीतरी हमखास विचारतं, सर, सरकारी शाळेत धर्मग्रंथ शिकवावा की नाही? मी म्हणतो, जरूर शिकवावा. फक्त त्याचा अर्थ शिकवू द्या, चुकलं तर चूक म्हणू द्या, आणि आधी सांगा, तुमचा पोरगा त्या वर्गात बसणार आहे का.

इथपर्यंत आलं की विचारणारा मला चहा घेणार का विचारतो.